ओळख शरीरक्रियाशास्त्राची – भाग ९ : श्वासाचा हिशेब

हिमोग्लोबिन ऑक्सिजन कसा उचलतं, ते मागच्या भागात पाहिलं. तो ऑक्सिजन मुळात रक्तापर्यंत येतो कसा, हा आजचा विषय. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातलं राजूर डोळ्यांसमोर ठेवू. वणीजवळचं हे गाव खाणीमुळे ‘राजूर कॉलरी’ म्हणून ओळखलं जातं, आणि चुनाभट्ट्यांसाठीही. इथली मुलं बी.एस्सी.साठी वणीला जातात, कुणी नर्सिंगला लागतं, एखादी मुलगी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचते. पहिल्याच वर्षी श्वसनाचं प्रकरण येतं आणि आकड्यांची घोकंपट्टी सुरू होते. टायडल व्हॉल्यूम ५००, डेड स्पेस १५०, व्हायव्हात विचारलं की धडाधड सांगून मोकळं व्हायचं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण या प्रकरणातला एक मोठा भाग खाणींमधल्या प्रश्नांतूनच उभा राहिला आहे, आणि राजूरच्या मुलीला तो घराच्या ओट्यावर बसूनही दिसू शकतो.

आधी हिशेब मांडू. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो; हाच टायडल व्हॉल्यूम. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा झाली. पण ती सगळी कामी येत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांतच सुमारे १५० मिलिलिटर राहून जाते, आणि तिथे रक्ताशी देवघेव होत नाही; हीच डेड स्पेस. वायुकोशांपर्यंत पोचतात ३५०. बाराने गुणा : ४.२ लिटर.

आता खाणीत उमेदीची वर्षं घालवलेले, धुळीने फुफ्फुसं ताठर झालेले एखादे आजोबा घ्या. ताठर फुफ्फुस फुगवायला जोर लागतो, म्हणून शरीर आपसूक लहान लहान आणि भराभर श्वास घेऊ लागतं. समजा, २५० मिलिलिटरचे २४ श्वास. मिनिटाची बेरीज तीच, ६ लिटर. पण प्रत्येक श्वासातले १५० वाटेतच गेले, हाती उरले १००. चोविसाने गुणा : २.४ लिटर. श्वास दुप्पट झाले आणि वायुकोशांना मिळणारी हवा मात्र जवळपास निम्म्यावर आली. ही तूट भरायला शरीर श्वास आणखी वाढवतं. त्या वाढीव श्वासांसाठी छातीच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे मिळकत थोडी आणि मिळवण्याचाच खर्च मोठा. आजोबा एका वाक्यात दोनदा थांबतात, अंगणातून घरात येईपर्यंत टेकतात, ते यामुळे. हा गुणाकार एकदा अशा माणसाच्या छातीकडे बघत केला, तर डेड स्पेस म्हणजे काय ते जन्मात विसरायला होत नाही.

फुफ्फुस ताठर होतं कसं? आपल्या छातीत ३० ते ५० कोटी वायुकोश आहेत. त्यांची भिंत पसरली तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा आहे. तांबडी पेशी वायुकोशाला लागून असलेल्या केशवाहिनीतून पाऊण सेकंदात निघून जाते. तिच्यात ऑक्सिजन भरायला त्यातलं पाव सेकंद पुरतं. इतक्या पातळ पडद्यावर संरक्षण म्हणून जाड थर ठेवता येत नाही. १० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बहुतांशी नाकाघशातच अडकतात. मधल्या आकाराचे कण श्वासनलिकेच्या फांद्यांमधल्या चिकट स्रावात रुततात आणि तिथले सूक्ष्म केस त्यांना वर ढकलतात. खाणीतली पाळी संपल्यावर काळी थुंकी पडते ती हीच. खरी भीती त्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीची. ती थेट वायुकोशात उतरते. तिथल्या भक्षक पेशी कोळशाचे कण गिळतात. धुळीत दगडातली सिलिका असेल, तर ती त्या पेशीलाच मारते. पेशी फुटते, कण पुन्हा मोकळे होतात, दुसरी पेशी त्यांना गिळते आणि मरते. या झटापटीत मऊ फुफ्फुसात व्रणासारखे ताठ तंतू तयार होत जातात. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाडी धूळ अडवतो, पण ही बारीक धूळ त्यातून आरपार जाते. तो बांधला म्हणून निर्धास्त होऊ नये.

खाणींतल्या प्रश्नांतून हे शास्त्र कसं उभं राहिलं, ते पाहायला आता जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे वळू. १८९६ मध्ये त्याने खाणींतल्या स्फोटांत माणसं मरतात कशाने, याचा अहवाल लिहिला. स्फोटाच्या तडाख्यापेक्षा नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने जास्त माणसं गेली, हे त्याने मृतदेहांच्या लालसर रंगावरून आणि रक्तावरून दाखवलं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. त्याचा परिणाम नेमका समजावा म्हणून हाल्डेनने तो स्वतः हुंगला आणि आपलंच रक्त तपासत राहिला. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावा, ही सूचना त्याचीच. लहान जीव भराभर श्वास घेतो, म्हणून माणसाच्या कितीतरी आधी कोसळतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये, असं आपल्याकडची जाणती माणसं सांगतात, त्यामागचं शास्त्र हेच.

त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन याने लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. वडील त्याला खाणीत घेऊन गेले आणि बुटक्या छताखाली उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत मात्र हवा ठीक होती. मिथेन हलका, तो छताशी साचतो, हे पोराला कायमचं कळलं. हाच मुलगा पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. त्याच्या इच्छेनुसार देह काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

थोरल्या हाल्डेनचं सर्वांत मोलाचं काम १९०५ मधलं, प्रीस्टली या सहकाऱ्यासोबतचं. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून, असा सर्वांचाच समज असतो. त्यांनी दाखवलं की साध्या परिस्थितीत श्वासाची दोरी कार्बन डायऑक्साइडच्या हाती असते. वायुकोशांत तो किंचित वाढला तरी श्वास वाढतो. नाक धरून बसा : काही वेळाने जी असह्य घुसमट होते, ती मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची. म्हणूनच पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत किंवा विहिरीत बुडी मारण्याआधी मुलं भराभर श्वास घेतात, ते जिवावर बेतू शकतं. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, घुसमटीची सूचना येतच नाही, आणि ऑक्सिजन संपून मूल पाण्याखालीच बेशुद्ध होतं. राजूरच्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं गेलं पाहिजे.

आणि चुनाभट्टी? भट्टीत चुनखडक साधारण ९०० अंशांना तापतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाका, गाळ बसू द्या, वरची चुन्याची निवळी घ्या आणि नळीने तिच्यात हळू फुंका. निवळी दुधाळ होते. ती पांढरी पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत गेलेल्या चुनखडकातलं तेच द्रव्य. भट्टीने जे काढून घेतलं ते तुमच्या श्वासाने परत दिलं. चुन्याच्या या गुणावरच सोडा लाइम चालतं : भूल देण्याच्या यंत्रात आणि खाणीतल्या बचावपथकाच्या बंद श्वसनयंत्रात ते रुग्णाचा, जवानाचा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. भट्टीवरच्या मजुराला मात्र याच चुन्याची धूळ जाचते. नाकाघशातल्या ओलाव्याशी तिचा संयोग होऊन उष्णता आणि तीव्र अल्क तयार होतं, डोळे आणि घसा पोळतात.

खाणकामगाराची ठरावीक काळाने ‘पीएमई’ म्हणजे वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रे निघतो. चुनाभट्टीवरच्या रोजंदारी मजुरासाठीही तशी तपासणी हवी, असं माझं ठाम मत आहे. फिजिऑलॉजी शिकणाऱ्यांना एक काम सांगतो. घरात कुणाचा फुफ्फुसाच्या तपासणीचा कागद असेल तर त्यांना विचारून तो वाचा. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने बाहेर टाकलेली सगळी हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात निघालेली. दोन्ही कमी पण गुणोत्तर शाबूत असेल, तर फुफ्फुस ताठर झाल्याची शंका घ्या; गुणोत्तरच ७० टक्क्यांखाली असेल तर नळ्या अरुंद झाल्या आहेत. धुळीत राबलेल्या माणसात दोन्ही बिघाड एकत्र सापडू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा.

रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात वाहतो, आणि फुफ्फुस कमी पडलं की त्याचा ताळमेळ मूत्रपिंडाला सांभाळावा लागतो. पुढच्या भागात मूत्रपिंड.