शेजाऱ्याकडून घेतलेला एक परत कधी द्यायचा?

दहावीला गणितात ९४ मार्क होते. त्यामुळे तिसरी-चौथीच्या पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं वाटलं होतं. मग एका पोरीने एकच प्रश्न विचारला आणि आपली विकेट पडली. त्याचीच ही गोष्ट.

खरं सांगतो, समाजसेवेची वगैरे काही खुमखुमी नव्हती. एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायचे होते. कुणी झाडं लावायला गेलं, कुणी पथनाट्यात. माझ्या वाट्याला आला भाजी मार्केटच्या मागच्या वस्तीतला संध्याकाळचा अभ्यासवर्ग. वर्ग म्हणजे देवळाचा ओटा, एक फळा आणि वीस-बावीस पोरं. चालवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी विचारलं, ‘काय शिकवशील?’

मी म्हटलं, ‘गणित.’ एकदम कॉन्फिडन्समध्ये.

पहिल्या दिवशी फळ्यावर २७ अधिक १५ लिहिलं. एकाने उत्तर काढलं ३१२. सात आणि पाच बारा, ते खाली लिहिले. दोन आणि एक तीन, ते शेजारी लिहिले. झालं! मग ५२ वजा २७ दिलं. निम्म्या पाट्यांवर उत्तर ३५. का? तर दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले. मोठ्यातून छोटा वजा करायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी खडू उचलला आणि माझ्या बाईंनी मला शिकवलं होतं तसंच शिकवलं. ‘दोनातून सात जात नाहीत ना? मग शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा. पाचाचे झाले चार. इकडे दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले पाच.’

पहिल्या रांगेतली चौथीतली पोरगी. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली. ती म्हणाली, ‘दादा, शेजारचा देतो का?’

सगळे हसले. मी पण हसलो. ‘देतो.’

‘मग परत कधी द्यायचा?’

‘परत नाही द्यायचा.’

‘मग उसना कशाला म्हणतोस?’ आणि लगेच पुढचा बॉम्ब. ‘आणि एकच घेतला ना? दोन आणि एक तीन होतात. बारा कसे झाले?’

मित्रांनो, मी बारावी सायन्स केलंय. इंटिग्रेशन केलंय. पण दोनात एक मिळवून बारा कसे होतात, हे मला त्या ओट्यावर उभं राहून सांगता आलं नाही. म्हणजे करता येत होतं. पण ते तसंच का करायचं, याचा विचार मी आयुष्यात कधी केलाच नव्हता.

आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. चिडलो. म्हणालो, ‘चौथीत आहेस ना? एवढं सोप्पं येत नाही?’

ती गप्प बसली. पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही.

दोनशे दिले, दोनशे पासष्ट परत?

बाईंनी काही सुनावलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, ‘गणित तुला येतं रे. पण त्या मुलीला काय येतं, ते तू बघितलंस का?’ आणि मार्केटचा रस्ता दाखवला.

ती आईच्या गाळ्यावर होती. गाळा कसला, गोणपाटावर मांडलेल्या पालेभाज्या. आई मागे जुड्या बांधत होती आणि गिऱ्हाईक ही बघत होती. एका काकूंनी १५ रुपयांच्या तीन मेथी आणि २० ची एक कोथिंबीर घेतली. दोनशेची नोट दिली. पोरीने डोळेसुद्धा वर केले नाहीत. ‘पंचेचाळीस, वीस, पासष्ट.’ मग पाचाचं नाणं काकूंच्या हातावर ठेवत म्हणाली, ‘सत्तर.’ दहाच्या तीन नोटा ठेवल्या, ‘शंभर.’ वर शंभरची नोट, ‘दोनशे.’ संपला विषय. पुढचं गिऱ्हाईक!

मी बघतच राहिलो. गर्दी ओसरल्यावर तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि वहीच्या पानावर लिहून दिलं: २०० वजा ६५. तिने पेन्सिल घेतली, पाठीचा कणा एकदम ताठ केला आणि उत्तर लिहिलं: २६५. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाच, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहा आणि उरलेले दोन.

मी विचारलं, ‘आत्ताच्या काकूंनी दोनशे दिले. तू त्यांना दोनशे पासष्ट परत दिलेस?’

तिने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. ‘येडा आहेस का दादा? धंदा बुडेल ना!’

‘मग हे काय लिहिलंयस?’

‘हे हिशेब नाहीये. हे गणित आहे.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

ही एकटीच नाही!

मला वाटलं ही पोरगी स्पेशल केस आहे. घरी येऊन शोधाशोध केली तर कळलं, अजिबात नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता. तो प्रसिद्ध झाला १९८५ मध्ये. धंदा करताना मुलांचे ९८ टक्के हिशेब बरोबर. तशीच आकडेमोड कागदावर दिली तर बरोबर फक्त ३७ टक्के!

आणि आपल्याकडे? २०२५ मध्ये ‘नेचर’ या जर्नलमध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांवरचा अभ्यास आला. अभ्यास करणाऱ्यांत नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो. निष्कर्ष तोच. बाजारातला गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेतल्या साध्या वजाबाकीला अडतात. पण त्यात अजून एक गोष्ट होती, ती मला जास्त लागली. फक्त शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना वहीतली गणितं थोडी बरी येतात. पण बाजारातला हिशेब दिला की ती गडबडतात. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. तिला कागद येत नाही आणि माझ्यासारख्याला कागदापलीकडचं काही येत नाही.

देशाचं चित्रही बघा. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ नावाचा अहवाल २००५ पासून निघतोय. गावोगाव घरी जाऊन मुलांना साधं वाचायला आणि साधी गणितं करायला देतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दोन अंकी, हातच्याची वजाबाकी जमणारी मुलं ३३.७ टक्के. म्हणजे तिघांतला एक. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, तर हा आकडा २५.९ टक्के होता. पाचवीत भागाकार जमणारी मुलं २०२४ मध्ये ३०.७ टक्के. बाकीची वरच्या वर्गात जातात, पुढे बीजगणित येतं आणि मग ती म्हणतात, ‘गणित हा माझा प्रांत नाही.’ आपल्या हॉस्टेलवरही असं म्हणणारे निम्मे असतील. त्यांची गाडी कुठल्या वजाबाकीला अडकली होती, कुणी विचारलंय?

पंचवीस ऐकायचं, बावन्न लिहायचं

अजून एक गंमत ओट्यावरच कळली. मी ‘पंचवीस’ म्हटलं की दोन-तीन पोरं ५२ लिहायची. मला वाटायचं, लक्ष नाही. पण नीट ऐका ना! ‘पंच-वीस.’ आधी पाच ऐकू येतो, मग वीस. लिहायचा मात्र आधी दोन. ‘त्रेसष्ट’मध्ये आधी तीन. ‘एकोणतीस’ तर अजून भारी. कानावर पडतं तीस आणि लिहायचे २९. आपण हे इतक्या लहानपणी घोकलंय की त्यात काही अवघड आहे हेच विसरून गेलोय.

२०१९ आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मी तेव्हा आठवीत होतो. फॅमिली ग्रुपवर जोक्स नुसते वाहत होते आणि मीही चार फॉरवर्ड केले. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात, ऐकू येतं तसंच लिहिता आलं तर संख्या आधी समजेल. जुनी नावं रद्द केली नव्हती, जोडीला नवी दिली होती. पटणं-न पटणं पुढचं. पण ५२ लिहिणाऱ्या पोराच्या शेजारी बसल्यावर मला ते जोक्स काही हसू आणेनात. आता पोरं अडली की मी म्हणतो, ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच.’ हात बरोबर चालतो.

‘सुट्टे कर म्हण की मग!’

पुन्हा आपल्या पोरीकडे. बाजारातून उठताना मी तिला सॉरी म्हणालो. ‘कशाला?’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर हजर.

त्या दिवशी मी फळ्याला हात लावला नाही. बाईंनी खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवले होते. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. ‘हे बावन्न. आता मला सत्तावीस दे.’

तिने दोन गठ्ठे दिले. मग सात काड्या द्यायला गेली, तर सुट्या दोनच. थांबली. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘सोडू का?’

‘तुझा गठ्ठा आहे. तू ठरव.’

रबर काढलं. दहा काड्या त्या दोनांत मिसळल्या. सात मोजून दिल्या. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. पंचवीस.

आणि मग ती ओरडलीच, ‘अरे, म्हणजे सुट्टे करायचे! दहाची नोट मोडून सुट्टे! उसने काय घ्यायचेत शेजाऱ्याकडून? आपलेच तर आहेत!’

बस. माझ्या ९४ मार्कांना जे सांगता आलं नव्हतं, ते तिने एका शब्दात सांगितलं. शेजारचा एक म्हणजे एक नाहीच, ती दहाची नोट आहे. ती मोडली की दहा सुट्टे. आधीचे दोन, झाले बारा. परत द्यायचा प्रश्नच येत नाही, कारण पैसे घरातलेच!

मग आम्ही खेळण्यातल्या नोटा आणल्या. शंभराच्या, दहाच्या आणि एकाच्या. २०० वजा ६५ करताना शंभराची नोट मोडून दहा दहाच्या केल्या, त्यातली एक मोडून एकाच्या दहा केल्या. प्रत्येक पायरी आधी नोटांनी, मग लगेच वहीत. उत्तर १३५. तिने स्वतःच पडताळून बघितलं, ‘पासष्टला पाच सत्तर, तीस शंभर, वर शंभर. बरोबर आहे.’

लगेच सगळं गुलाबी झालं, असं समजू नका. ३१२ वाला पठ्ठ्या अजून अधूनमधून ३१२ लिहितो. पाढे विसरतात. लग्नसराई आली की निम्मी पोरं आठवडाभर गायब. आणि चार महिन्यांत मी फार तर सात-आठ जणांना वजाबाकी नीट समजावू शकलो.

पण हे आपल्याला जमण्यासारखं आहे, एवढं नक्की. ‘प्रथम’ची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांतून झाली. त्यांच्या ‘बालसखी’ म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोद्यात त्याचा अभ्यास झाला. बालसखी असलेल्या शाळांत मुलांचे गुण वाढलेले दिसले. त्या काही बीएड, एमएड नव्हत्या. बऱ्याचशा आपल्याच वयाच्या.

परवा ओट्यावर पोचायला उशीर झाला. बघतो तर ती ३१२ वाल्याला पुढ्यात घेऊन बसलेली. समोर काड्या. ‘सात आणि पाच बारा झाल्या ना? मग दहाचा गठ्ठा बांध आधी. सुट्टे किती उरले? दोन. तेवढेच लिही इथे. गठ्ठा जाईल गठ्ठ्यांच्या घरात.’

माझे एनएसएसचे तास केव्हाच भरलेत. पण पुढच्या आठवड्यात भागाकार सुरू करायचाय आणि ती विचारणार हे नक्की, ‘दादा, वरचा आकडा खाली का घ्यायचा?’

तुम्हाला माहितीये? मी अजून शोधतोय.

शिकवायला जाताय? मग हे करून बघा

* आधी फळा नको, आधी गप्पा. मूल दुकानात, खेळात, बसच्या तिकिटात कोणता हिशेब करतं ते विचारा.
* उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणायच्या आधी ‘कसं काढलंस?’ विचारा. ३१२ च्या मागेही काहीतरी डोकं चाललेलं असतं.
* काड्या, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, खेळण्यातल्या नोटा. आधी हातात, मग तोंडात, मग वहीत. वहीपर्यंत न्यायला मात्र विसरू नका.
* इयत्तेनुसार नाही, जे येतं त्यानुसार गट करा. चौथीतल्या मुलाला एकक-दशक नसेल कळलं, तर तिथूनच सुरू करा.
* आणि ‘एवढं सोप्पं येत नाही?’ हे वाक्य घरीच ठेवून जा.