पोटाच्या ऑपरेशननंतर साठणारं पाणी: भात, शेक आणि सुई

पोटाची सैल कातडी काढून, म्हणजे टमी टक करून, बाई इचलकरंजीतल्या घरी येते. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावर काही दिवसांत बेंबीखाली फुगवटा दिसतो. कूस बदलली की आत पाणी डुचमळल्यासारखं वाटतं. डॉक्टर याला सेरोमा म्हणतात आणि घरातली मंडळी ‘पाणी धरलंय’ म्हणतात.

मग पहिला ठपका बाईच्या ताटावर येतो: ‘भात खाल्लास, ताक प्यालीस, म्हणून झालं.’ खरं कारण वेगळंच. शस्त्रक्रियेत कातडी आणि चरबीचा थर स्नायूंपासून सुटा करतात. खाली मोकळी जागा उरते, बारीक लसीकावाहिन्या कापल्या जातात आणि पिवळसर द्रव त्या जागेत झिरपतो. त्याचा भाताशी संबंध नाही. पाणी कमी पिऊन किंवा लघवीच्या गोळ्या घेऊनही तो आटत नाही, कारण ही अंगभर आलेली सूज नव्हे. पथ्याच्या नावाखाली डाळ आणि अंडी बंद केली, तर जखम भरायला लागणारी प्रथिनंच कमी पडतात.

‘डॉक्टरांचा हात चुकला.’ तसंच असेल असं नाही. टमी टकनंतर सर्वाधिक आढळणाऱ्या गुंतागुंतींपैकी ही एक आहे. वजन जास्त असेल तर शक्यता वाढते. अमेरिकेतल्या हार्लन आणि टॉड पोलॉक या शल्यचिकित्सकांनी २००० साली आतले थर टाके घालून एकमेकांना धरून ठेवण्याची पद्धत मांडली. मोकळी जागाच उरू नये, हा तिचा हेतू.

नळी लवकर काढा म्हणून मागे लागणारेही असतात. पण ती दिवस मोजून नव्हे, मिलिलिटर मोजून काढतात. नळीतून येणारं पाणी २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली येईपर्यंत बरेच सर्जन थांबतात. म्हणून रोजचा आकडा वहीत लिहावा.

सगळ्यात घातक सल्ला शेकाचा. बाळंतिणीला शेक-शेगडी देणाऱ्या आजीला तो सहज सुचतो, मायेनेच. पण या ऑपरेशननंतर पोटाची कातडी कित्येक महिने बधिर असू शकते. चटका बसतो, फोड येतो आणि बाईला कळतही नाही. गरम पाण्याची पिशवीही नको. पोटावर बांधायच्या पट्ट्याचंही तसंच: तो बाळंतिणीचं पोट आवळतात तसा करकचून बांधला, तर कातडीचा रक्तपुरवठाच अडतो. आणि टाके निघाले म्हणून लगेच यंत्रमागावर उभं राहून सुताचा बीम ओढू नये. आत जुळत आलेले थर पुन्हा घसरतात.

‘सुईने काढलं की जास्त भरतं.’ हाही गैरसमजच. छोटा सेरोमा बहुधा आपोआप जिरतो. मोठा असेल तर सर्जन निर्जंतुक सुईने, गरज पडल्यास सोनोग्राफीत बघून, पाणी ओढतात. काही जणींना हे दोन-चार वेळा करावं लागतं. बधिरपणामुळे फारसं दुखत नाही. तसाच महिनोन्‌महिने सोडला, तर भोवती जाड पिशवी तयार होते आणि कधी ती कापून काढावी लागते. मात्र गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून घेऊ नये. स्वच्छ पाण्यात जंतू गेले की पू होतो.

ताप, लाली किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं. पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच बाजूला झपाट्याने टणक सूज आली, तर ते पाणी नसून रक्त असण्याची शक्यता मोठी. ऑपरेशन कोल्हापुरात किंवा मिरजेत झालं असलं तरी सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढावी.