वारा उतरेपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या व्हिटसंडे बेटांत लायसन्स नसलं तरी यॉट भाड्याने मिळते. थोडं शिकवतात, नकाशा देतात. रोज रेडिओवर हजेरी मात्र द्यायची. तिसऱ्या दिवशी त्याच रेडिओवरून सांगितलं, वारा 25 नॉटच्या वर जाईल, आहात तिथेच थांबा. म्हणजे ताशी 46 किलोमीटरहून जास्त!

आम्ही हुक बेटाच्या नारा इनलेटमध्ये होतो. लांबट, अरुंद खाडी, दोन्ही बाजूंना डोंगर. बाहेर आग्नेयेचा वारा घोंगावतोय, आत बोट नांगरावर नुसती डुलतेय. नांगर सरकत नाही ना, हे बघायला रात्री मी तीनदा उठलो.

व्हाइटहेवनचा सात किलोमीटरचा पांढराशुभ्र किनारा हुकणार म्हणून लेक रुसली. बाबा मूळचे हर्णैचे. म्हणाले, "आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. तुमचं दोन दिवसांत काय अडलंय?"

मग छोट्या होडीतून काठावर गेलो. वर गुहेत न्गारो आदिवासींची जुनी चित्रं आहेत. ही माणसं झाडाच्या सालीच्या होड्यांतून बेटाबेटांवर फिरायची. बाबा तिथून हलेनात.

पाचव्या दिवशी वारा पडला. त्याच दिवशी बोट परत द्यायची होती आणि बाबांचं मुंबईचं तिकीट गुरुवारचं.