बार्शी लाइट: सगळा खेळ पाच टनांचा

कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. मुख्य लाइन बार्शीला गेलीच नाही, हे नावातच आलं. मुंबई–मद्रास मार्ग 34 किलोमीटर लांबून निघून गेला आणि बार्शीची पेठ बैलगाडीवर राहिली. हे अंतर जोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली. 1897 मध्ये गाडी सुरू झाली.

नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी, असं मलाही वाटायचं. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी. पण रूळ किती जड हवा, हे त्या अंतरावरून ठरत नाही. दोन स्लीपरांमधला रूळ म्हणजे एक छोटी तुळईच समजा. तिच्यावर गाडीचं अख्खं वजन एकदम येत नाही, चाकागणिक येतं. म्हणजे बघायचं ते एका आसावर किती भार आहे ते.

एरवी इंजिनाचा आस सर्वात जड असतो. रूळ त्याच्या मापाने टाकायचा आणि मागचे हलके डबे त्याचा पुरता वापरच करत नाहीत. कॅलथ्रॉपने इंजिन आणि वॅगन, दोघांनाही एकच मर्यादा घातली: आसाला 5 टन. मग वॅगनही त्या मर्यादेपर्यंत भरता येते. आता इंजिन ओढणार कसं? ओढायची ताकद रुळावरच्या पकडीतून येते, आणि पकड फिरवलेल्या चाकांवरच्या वजनातून. त्याच्या इंजिनांना सहा आस, त्यातले चार एकमेकांना जोडलेले. म्हणजे पकडीला सुमारे 20 टन. कोरड्या रुळावर त्याचा साधारण चौथा हिस्सा ओढ मिळते. एवढ्यावर यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर 60 किलोचा असतो!

पण एक दुखणं या गणिताने सुटलं नाही, आणि कॅलथ्रॉपचे चाहते ते जरा पटकन उरकतात. कुर्डुवाडीला गेज बदलायचा. बार्शीहून आलेला कापसाचा प्रत्येक गठ्ठा उतरवून पुन्हा चढवायचा. लाइन 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेला पोचली. मिरजेला तेव्हा मीटरगेज, म्हणजे तिथेही तीच हमाली.

1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज आहे, आणि लातूरची गाडी कुर्डुवाडीहून सरळ पुढे जाते.