खासदार दादासाहेब आणि गावचे गायरान

खासदाराने नेमके करायचे काय, असे कार्यकर्ते विचारतात तेव्हा आम्ही कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव घेतो. १९५७ साली नाशिकमधून ते लोकसभेत गेले, १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. दिल्ली मिळाली म्हणून गाव सुटले नाही. १९५९ साली, खासदार असतानाच, त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक जमीन कसणाऱ्यांना द्या, ही मागणी. १ ऑक्टोबर १९६४ रोजी संसदेवर मोर्चा नेला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना निवेदन दिले आणि निवेदनावर विसंबून न राहता ६ डिसेंबरपासून देशभर तुरुंग भरले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीही मागणी त्यात होती. ते लागले १९९० साली!

आणि जमीन? भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ मध्ये घेतला. पण पुरावा द्यायचा कसणाऱ्यानेच. तलाठ्याने एक-ईच्या नोंदवहीत नाव घातलेच नसेल तर दंडाची पावती हाच आधार. गुन्ह्याचा कागद तोच हक्काचा कागद! आमच्याकडे म्हातारी माणसे अशा पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात. कचेरीतला बाबू त्या हातातही घेत नाही. तिथे खासदाराचे एक पत्र आमच्या दहा अर्जांचे काम करते. आजचे खासदार समाजमंदिराला निधी देतात, कोनशिलेला येतात. जरूर यावे. येताना तलाठ्याचे दप्तरही एकदा उघडायला लावावे.