धर्मापुरीचे आबा : एका दीर्घायुष्याची नोंद

आपल्या त्रैमासिकात दीर्घायुषी व्यक्तींच्या आहारविहाराविषयीचे लेख अधूनमधून प्रसिद्ध होत असतात व वाचक वैद्यबंधू ते आवडीने वाचतात. नव्वदी ओलांडलेल्या माझ्या आजोबांविषयी मीही लिहावे, असा स्नेह्यांचा आग्रह होता. आबांच्या हयातीत ते घडले नाही. त्यात माझा आळस होता हे खरे. दुसरेही एक कारण होते, ते पुढे ओघाने येईल.

आमचे मूळ गाव धर्मापुरी, जिल्हा बीड. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे हे गाव अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराच्या बाह्यांगावरील मूर्ती पाहण्यासाठी लोक दुरून येत. आबांना मात्र त्या दगडातील सावलीचेच अधिक अप्रूप होते. माळवदाचे घर, पुढे ढेळज, मागे गोठा आणि एकेकाळी एकोणीस माणसांची पंगत, असा त्यांचा संसार.

आबांच्या वयाला लेखी आधार नाही. निजामी राजवटीत आमच्याकडील महसुली दप्तर उर्दूत असे, वर्षे फसली सनाने मोजली जात आणि शेतकऱ्याच्या घरचा जन्म बहुधा कोणाच्या तरी आठवणीतच नोंदला जाई. मानमोडीच्या साथीत आबा रांगत होते, असे पणजी सांगे. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. त्यावरून जन्म १९१७ च्या सुमाराचा धरावा लागतो. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते तिशीत होते. रझाकारांच्या भयाने रात्री शिवारात काढल्याचे ते सांगत. पण त्या गोष्टीत स्वतःचा पराक्रम त्यांनी कधी घातला नाही. हाली रुपये मात्र त्यांनी शेवटपर्यंत एका डबीत जपून ठेवले होते.

आता दिनचर्या. ब्राह्ममुहूर्तावर उठणे, निंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दंतधावन, गुरांचे शेण-पाणी, मग पायी शेत. न्याहारी नाही. दिवस बराच वर आल्यावर ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण आणि वर करडईच्या तेलाची धार. त्या त्या ऋतूत अंबाडी, पाथरी, चिघळ अशा भाज्या. दुपारी ताक. दिवेलागणीपूर्वी दुसरे जेवण, तेही भूक असेल तरच. ‘पोटानं मागितलं नाही, तर हातानं वाढू नये’ असे ते म्हणत. अग्नीविषयी मी महाविद्यालयात जे शिकलो, त्याचा पहिला पाठ मला या वाक्यात मिळाला होता. महाशिवरात्रीस ते पायी परळीला जात. वैजनाथाच्या स्थानाशी धन्वंतरी व अमृताची कथा निगडित आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. आबांना तीत फारसे स्वारस्य नसे. ‘चालणं झालं, देवबी झाला’ एवढेच ते म्हणत.

येथपर्यंतचे वर्णन अशा लेखांत नेहमीच शोभते. परंतु आबा आयुष्यभर चुना-तंबाखू खात. दीर्घायुषी माणसाच्या चरित्रातून ही गोष्ट बहुधा गाळली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आबांना एक धाकटा भाऊ होता. तेच घर, तीच भाकरी, तोच आड, तीच पहाट. तो पटकीच्या साथीत ऐन पंचविशीत गेला. चरकाचार्यांनी विमानस्थानातील ज्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार केला आहे, त्याच अध्यायात आयुष्याच्या नियत-अनियततेची चर्चा आहे आणि तेथेच गाडीच्या आखाचा दृष्टान्त आहे. नीट वापरलेला आख आपल्या काळाने झिजतो. अतिभाराने, वाईट वाटेने किंवा वंगणावाचून तो अकाली मोडतो. पदवी हाती आल्यावर मी मोठ्या उत्साहाने हा दृष्टान्त आबांना ऐकवला होता. गाडीला वंगण घालण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला तो समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘आख दोघांचाबी एकाच लाकडाचा व्हता. त्याची वाट दगडाची निघाली.’ त्या दिवसानंतर दिनचर्येवर व्याख्यान देताना माझा स्वर थोडा उतरला.

१९७२ च्या दुष्काळात घरचे बळद रिकामे झाले. जमीन असलेला हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी खडी फोडायला बसला. घरात मिलोची भाकरी आणि सुकडी आली. मिलो कोणालाच मानवेना; देशसात्म्य, ओकसात्म्य हे शब्द मला पुढे भेटले, त्यांचा अर्थ त्या वर्षी पोटात कळला होता. आबा त्या दिवसांत शेवटी जेवत, असे सारे सांगतात. आजी त्यांच्याही नंतर जेवत असे, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. गावात गिरणी येईपर्यंत पहाटे जात्यावर बसणारी, नऊ बाळंतपणे सोसलेली ती बाई साठीही न पाहता गेली. सुश्रुताचार्यांनी जरेचे दोन प्रकार सांगितले आहेत : देहाचे रक्षण झाले असता यथाकाल येणारी आणि रक्षणाअभावी अकाली येणारी. आमच्या एकाच छपराखाली हे दोन्ही प्रकार नांदत होते.

आता राहिलेले कारण. आबा त्र्याण्णव वर्षांचे असताना श्रावणात ढेळजेच्या ओल्या पायरीवरून पडले. मी अंबाजोगाईहून संध्याकाळी पोहोचलो. पाय थोडा उचलता येत होता, सूज फारशी नव्हती. मुका मार ठरवून मी लेप दिला, बंध बांधला. धाकटे काका म्हणाले, ‘एकदा फोटो काढून घेऊ.’ मी म्हणालो, ‘या हाडांनी नव्वद वर्षे ज्वारी खाल्ली आहे.’ पंगतीत टाळी मिळावी असे वाक्य होते. वृद्धाचे आणि संधीजवळचे भग्न कष्टसाध्य असते, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पाचव्या दिवशी पाऊल बाहेर वळलेले व पाय आखूड दिसला. क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाची मान मोडलेली स्पष्ट दिसली. शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सकांनी शांतपणे विचारले, ‘पडले कधी?’ मी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली, दुसरे काही विचारले नाही. वेळीच नेले असते तर आबा पुन्हा शेतापर्यंत चालले असते, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. चालले नसते, असेही म्हणू शकत नाही. वैद्यबंधूंनो, अशा पतनात क्ष-किरण चित्र त्याच दिवशी काढून घ्यावे.

त्यानंतर ते अकरा महिने जगले. काठीच्या आधाराने बाजेपासून उंबऱ्यापर्यंत, एवढीच त्यांची मजल उरली. हुरड्याच्या दिवसांत गाडीत कडबा अंथरून आम्ही त्यांना शेतात नेले. चार दाणे त्यांनी तोंडात टाकले, बाकीचे पोरांना वाटले. या काळात त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही. रात्री-अपरात्री त्यांना कुशीवर वळवणे, पाठ पुसून तेल लावणे, धोतर बदलणे हे तिन्ही काकूंनी पाळी लावून केले.

तेराव्याला आलेल्या मंडळींनी आबांच्या ज्वारीची, ताकाची आणि चालण्याची पुष्कळ वाखाणणी केली. थोरल्या काकू आत चुलीपाशी होत्या. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि आबा काय, केव्हा व किती खात, हे पहिल्यांदाच नीट विचारले. वरील आहाराचा सारा तपशील त्यांनी सांगितलेला आहे.