जबड्याचा सांधा आणि दातांवरील स्प्लिंट

कानाच्या पुढच्या अंगास बोट टेकून तोंड उघडले व मिटले असता बोटाखाली जे हाड सरकताना जाणवते, ते खालच्या जबड्याचे टोक होय. हे टोक आणि कवटीचे हाड यांमधील सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढे घसरतोही. डाव्या व उजव्या सांध्यांना एकच हाड जोडीत असल्यामुळे एकास दुसऱ्यावाचून हलता येत नाही. सांध्यातील दोन हाडांच्या मध्ये तंतुमय चकती असते. ती पुढे सरकली आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर आली, म्हणजे ‘कट्’ असा आवाज होतो. वेदना किंवा अडथळा नसेल, तर केवळ या आवाजासाठी उपचाराची गरज नसते.

वेदना असते तेव्हा ती पुष्कळदा सांध्यापेक्षा चर्वणाच्या स्नायूंत अधिक असते. अशा रुग्णास दंतवैद्य बहुधा स्प्लिंट देतात. दातांचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करावयाची व तिच्यावर कठीण ॲक्रिलिकचे पातळ आवरण घडवावयाचे, अशी त्याची रीत आहे. समोरचे सर्व दात त्यावर सारख्याच दाबाने टेकले पाहिजेत. ते घासून जुळविण्यातच खरे कौशल्य असते. स्प्लिंट सामान्यतः रात्री वापरतात. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज त्याने वाचते, हा त्याचा निर्विवाद उपयोग.

परंतु वेदना कशाने शमते? सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे वैद्य जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली ११ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. मागचे दात पडल्याने जबडा प्रमाणाबाहेर मिटतो व त्याचे टोक कानाजवळील भागांवर दाबते, अशी त्यांची उपपत्ती होती. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी ती पुढे खोडून काढली. तथापि दातांची ठेवण हेच दुखण्याचे मूळ, ही समजूत मात्र टिकून राहिली.

तिला मोठा धक्का बसला तो १९७२ साली. चार्ल्स ग्रीन व डॅनिएल लास्किन यांनी काही रुग्णांस केवळ टाळू झाकणारे, दातांच्या मिटण्यात मुळीच न येणारे उपकरण दिले. त्यानेही पुष्कळांना बरे वाटले! सर्व दात झाकणाऱ्या स्प्लिंटने गुण अधिक जणांस आला हे खरे. पण दातांना स्पर्शही न करता दुखणे उतरते, तर गुण आला म्हणून कारण सापडले असे म्हणता येत नाही. विश्वास, वैद्याची आस्था, सवयीकडे गेलेले लक्ष आणि दुखण्याची आपोआप ओसरण्याची प्रवृत्ती यांचाही त्यात वाटा असतो. २०२३ साली ‘बीएमजे’ नियतकालिकात आलेल्या शिफारशींत तर जुनाट वेदनेसाठी जबड्याचे व्यायाम आणि वर्तनोपचार यांस स्पष्ट पसंती असून, काढघाल करता येणाऱ्या स्प्लिंटविषयी सशर्त का होईना, प्रतिकूल मत दिले आहे.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. स्प्लिंटने बरे वाटले, म्हणजे दातांची ठेवणच चुकीची होती, असा निष्कर्ष काढून निरोगी दात कानशीने घासण्याचे किंवा त्यांवर टोप्या बसविण्याचे प्रकार घडत आले आहेत. स्प्लिंट काढून ठेवता येते. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. स्प्लिंटही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. पुढच्या दातांपुरतेच असलेले स्प्लिंट दीर्घकाळ, देखरेखीवाचून वापरल्यास मागचे दात हळूहळू वाढून येतात, आणि मग ते काढल्यावर पुढचे दात एकमेकांस टेकेनासे होतात.